कच्चा टाका

मावशीच्या सहा मिनिटांसाठी आम्ही बेचाळीस मैल आलो होतो.
नॅचेझच्या थिएटरला आमचं दार गल्लीतून,
लोखंडी जिना, चौतीस पायऱ्या,
वर बाल्कनी, जिथे पत्र्याचा उकाडा
आमच्याआधीच येऊन बसलेला.

आईनं अर्धी आळी गोळा केली होती.
मिसेस टिबॉडो आणि तिच्या तिन्ही सुना,
लाकडाच्या गिरणीतला लूशस, ज्याला सिनेमाचा कंटाळा,
पण ओडेसा एकदा त्याच्याकडे बघून हसली होती,
सतराव्या वर्षी, नदीकाठी. तेवढ्या भांडवलावर तो आला.

चित्रपट एका थोर संगीतकाराचा.
गोरा, देखणा, कपाळावर एकच बट.
त्याला चाल सुचते ती खिडकीत, चंद्राकडे बघताना.
मिसेस टिबॉडो मोठ्यानं म्हणाली,
"त्या चंद्राला मी ओळखते.
सेंट लुईसला केस कापायचा. टॉलिव्हर त्याचं नाव.
दुकान मिटलं की पियानो उघडायचा,
आणि हा पोरगा कोपऱ्यात बसून
ऐकायचा, ऐकायचा, ऐकायचा."
सुना खिदळल्या. खालून कुणीतरी शुक् केलं.

मग क्लब आला. झुंबर, धूर, पियानोपाशी तो.
आईनं माझं मनगट धरलं.
आता.

पडदा किंचित उडाला,
डोळ्यात कुसळ जावं तसा.
आणि टाळ्या चालू होत्या, कुणासाठी ते दिसेना.
तो उभा राहिला होता, डोळे भरलेले,
काय ऐकून, तेही कळेना.

आई काही बोलली नाही. मनगटही सोडलं नाही.
मी नऊ वर्षांची, मला वाटलं मीच झोपले मध्ये.
म्हणून डोळे ताणून बघत राहिले, आणि म्हणाले,
"आई, पियानोवर मावशीचा हातमोजा."

पांढरा, कोपरापर्यंतचा, डाव्या हाताचा.
काळ्या झाकणावर बोटं पसरून पडलेला.
नायक त्याच्या शेजारी कोपर टेकून
प्रेयसीला स्वतःचं एकटेपण समजावत होता.
लूशस उठला. टोपी काढली. टाळी वाजवली, एकच,
मग सगळी बाल्कनी वाजायला लागली, पायांनीसुद्धा.
खालच्यांना वाटलं आम्हाला नायक आवडला.
कुणीतरी कौतुकानं वर पाहिलंही.

पुढे कधीतरी मावशी घरी आली होती,
चवळीच्या शेंगा सोलताना बोलली.
तिचं गाणं त्यांनी एका दुपारी वेगळं उरकलं.
ती आत येताना दाखवायची नाही, जाताना नाही,
गोष्टीतलं कुणी तिच्याशी बोलणार नाही.
दिग्दर्शक भला माणूस, सँडविच खाल्लंस का विचारायचा.
म्हणाला, "ओडेसा, त्याच्याकडे बघू नकोस. नजर वर."
पटकथेत तिला नाव नव्हतं. गायिका, एवढंच.
"मी शिवणारणीची पोर," मावशी म्हणाली,
"कच्चा टाका मला लांबून दिसतो.
आमच्याकडे पोचायच्या आत ओढून काढता यावा
म्हणूनच घातलेला."

आणि त्या कारखान्यात एक मिस हेझलरिग होती,
चष्मेवाली, कोणती वस्तू कुठे होती याची वही ठेवणारी.
तिनं इमानदारीत लिहिलं: पियानोवर हातमोजा, डावा.
पुढच्या मंगळवारी, मावशी तिथे नसताना,
वही बघून तिनंच तो परत जागेवर ठेवला,
बोटंही तशीच पसरून.

उजवा आता माझ्याकडे असतो, खणात.
मला होत नाही. टोकांना कापड रिकामं राहतं.

त्या दिवशी मी विचारलं होतं,
"मुद्दाम ठेवलास ना गं?"
"छे. उकडत होतं. डोक्यावर दिवे केवढाले."
तेवढ्यात चवळीचा एक दाणा उडून चुलीखाली गेला,
आणि तो शोधायला मावशी वाकली,
एका दाण्यासाठी लागतो
त्याहून बराच वेळ.